खापरांचा बाप आणि आपली पांढरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इजिप्तवर पानभर मजकूर आला. तुतानखामनचा शाप, पिरॅमिडमधली गूढ शक्ती, सोन्याचा मुखवटा असा सगळा ऐवज होता. लोकांना हे वाचायला आवडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण शापाचेच बोलायचे तर तुतानखामनची कबर १९२२ साली उघडणारा हॉवर्ड कार्टर पुढे सोळा वर्षे जगला आणि १९३९ मध्ये वारला. हा कार्टर १७ वर्षांचा असताना, १८९२ साली, इजिप्तमधल्या अल-अमार्नाच्या उत्खननात ज्याच्या हाताखाली उमेदवारी करत होता, त्या माणसाचा मात्र पानभरात कुठे उल्लेख नाही. (त्या गुरूने तेव्हा रोजनिशीत लिहून ठेवले की पोरगा भला आहे, चित्रांत रमतो, पण खोदकामासाठी त्याला तयार करण्यात अर्थ नाही. गुरूंचेही अंदाज चुकतात.)

विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री हे ते नाव. जन्म ३ जून १८५३, लंडनजवळ चार्ल्टन. मृत्यू २८ जुलै १९४२, जेरुसलेम. आईचे वडील म्हणजे ऑस्ट्रेलियाला जहाजातून वळसा घालून नकाशा करणारे मॅथ्यू फ्लिंडर्स. प्रकृती नाजूक म्हणून पेट्री कधी शाळेत गेला नाही, पदवी मिळवण्याचा तर प्रश्नच नव्हता. वडिलांकडून मोजणी शिकला आणि पंचविशीच्या आत स्टोनहेंजच्या दगडांची मोजणी करून त्यांना क्रमांक दिले. ते क्रमांक आजही वापरात आहेत. पुढे १८९२ ते १९३३ अशी एक्केचाळीस वर्षे हा बिनपदवीचा माणूस लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येचा प्राध्यापक होता. अमेलिया एडवर्ड्स या लेखिकेने मृत्युपत्रात पैसे ठेवून ते पद निर्माण केले होते आणि ते पेट्रीलाच मिळावे अशी तिची इच्छा होती.

पेट्री इजिप्तला पहिल्यांदा गेला तो पिरॅमिडच्या गूढापायीच. स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ यांचे म्हणणे असे, की गीझाचा मोठा पिरॅमिड ईश्वरी मापाने बांधला आहे. पायाच्या एका बाजूला २५.०२५ इंचांच्या ‘पवित्र हाता’ने मोजले तर ३६५.२४२ हात भरतात, म्हणजे वर्षाचे दिवस. गुणाकार करा, बाजू सुमारे ९,१४० इंच यायला हवी. पेट्रीचे वडील या मताचे कट्टर समर्थक होते. १८८० च्या डिसेंबरात मुलगा गीझाला पोहोचला तो हेच पक्के करायला.

अडचण अशी होती की पायाच्या चारी बाजूंना दगडमातीचे ढीग होते. टेप सरळ धरून बाजू मोजणे शक्यच नव्हते. आधीच्या लोकांनी कोपऱ्यांवरच्या खडकातल्या खाचा धरल्या आणि त्यांच्यामधले अंतर म्हणजे पाया असे ठरवले. चूक इथेच होती. या चार खाचा एका पातळीत नाहीत आणि त्या फरसबंदीच्या खाली आहेत. पिरॅमिडची बाजू उतरती असल्याने जितके खाली मोजाल तितकी ती लांब भरणार. पेट्रीने तीन पिरॅमिडांभोवती ठाणी ठरवून थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने त्रिकोणमापन केले, एकेक कोन पुन्हा पुन्हा वाचला, ढिगाऱ्यातून खड्डे घेत मूळ मुलाम्याचे दगड फरसबंदीला कुठे टेकतात ते शोधले आणि ती रेषा धरली. उत्तर बाजू ९,०६९.४ इंच, दक्षिण ९,०६९.५, पूर्व ९,०६७.७, पश्चिम ९,०६८.६. सरासरी ९,०६८.८. स्मिथच्या आकड्यापेक्षा जवळपास सहा फूट कमी! चार बाजूंत आपसातला फरक मात्र दोन इंचांचाही नाही, हे खरे आश्चर्य. इजिप्तच्या नेहमीच्या २०.६२ इंचांच्या राजहाताने मोजले तर ४४० हात भरतात, त्यात ईश्वरी काही नाही. इजिप्त सरकारने १९२५ मध्ये पुन्हा मोजणी केली, सरासरी २३०.३६ मीटर आली. पेट्रीचे इंच मीटरमध्ये करून पाहा, २३०.३५ येतात.

हे काम दोन हिवाळे चालले. राहायला खडकात कोरलेली जुनी कबर, सोबतीला अली गाबरी हा आधीच्या मोजणीदारांकडे काम केलेला गावकरी. प्रवासी त्रास देतात म्हणून पेट्री गुलाबी रंगाच्या बनियन-चड्डीवर काम करी. वेडसर दिसणाऱ्या माणसाजवळ साहेब-मडमा फिरकत नसत. आतल्या दालनांची मोजणी प्रवासी गेल्यावर रात्री. १८८३ मध्ये पुस्तक निघाले, छपाईला रॉयल सोसायटीने १०० पौंड दिले आणि ईश्वरी मापाचा ‘पिरॅमिड इंच’ तिथेच संपला. आपल्याकडे बाजारपेठेच्या गावी तांब्याचे वास्तुपिरॅमिड अजून विकले जातात, त्यांच्या मागच्या कागदावर हा ९,०६८.८ छापायला हरकत नाही.

पण हे पत्र पिरॅमिडसाठी नाही. पेट्रीला पॅलेस्टाईनमधल्या मजुरांनी ‘खापरांचा बाप’ असे नाव ठेवले होते, ते ज्या कामामुळे, त्याचा आमच्या वावरांशी थेट संबंध आहे.

गाव दोन भागांचे असते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. मोडून गेलेल्या वस्तीच्या पांढऱ्या विदर्भात तालुक्या-तालुक्यात आहेत. काळ्या कापसाच्या मातीत मधेच राखी, भुरकट उंचवटा लागतो, वखरणीत खापरे, हाडाचे तुकडे, एखादा मणी, हातभर लांबीच्या विटांचे तुकडे वर येतात. ही माती पूर्वीपासून बंडीने नेत आले. पिकाला जोर येतो, भिंतीला पोतेऱ्यालाही बरी. एक बंडी माती नेल्याने पांढरी संपत नव्हती. आता जेसीबी आणि टिप्पर आहेत. पाणंद रस्ता, सपाटीकरण, शेततळे, काहीही निमित्त पुरते, आणि दोन हजार वर्षांची वस्ती दोन दिवसांत रस्त्याच्या भरावात जाते.

पेट्रीच्या इजिप्तमध्ये अगदी हेच चालले होते. नाईलकाठच्या जुन्या वस्त्यांची मातीच्या विटांची पडझड झालेली माती, ‘सेबाख’, नत्रयुक्त असते. शेतकरी ती गाढवावर लादून शेतात टाकत. अमार्नाची प्रसिद्ध मृत्तिकापत्रे (मातीच्या पाट्यांवर लिहिलेली पत्रे) १८८७ मध्ये अशीच सेबाख खणणाऱ्या बाईच्या हाती लागली असे सांगतात, आणि त्यांतली बरीच ने-आणीत फुटून गेली. पेट्रीला आपण जळत्या घरातून वस्तू बाहेर काढत आहोत असे वाटे. म्हणून त्याची घाई होती. घाईचे दोष पुढे येतीलच.

त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली पैशाची. मजुराला सोन्याचा तुकडा सापडला तर तो संध्याकाळी गावच्या दलालाकडे जाणार, हे त्याने ओळखले होते. तेव्हा रोजीशिवाय ‘बक्षीस’ ठेवले. जी वस्तू सापडेल तिची दलाल जेवढी किंमत देईल तेवढी मजुराला द्यायची, आणि द्यायची ती लगेच. बक्षीस नुसत्या सोन्याला नव्हते, मण्याला होते, लेख असलेल्या खापरालाही होते. त्यामुळे पोरे माती चाळून बघायला लागली. दुसरा फायदा मोठा होता. वस्तू लपवायची गरज नसल्याने ती नेमकी कुठे सापडली हे मजूर खरे सांगू लागला. १८९३-९४ च्या हंगामात कुफ्त गावात त्याने माणसे तयार केली. ‘कुफ्ती’ मुकादम पुढे पिढ्यान्पिढ्या इजिप्तभरच्या उत्खननांवर दिसतात. अली सुवेफी हा त्याचा उजवा हात. मुकादमाने नुसते ओरडत उभे राहावे हे पेट्रीला पटत नसे. तोही खणायचा, आणि साहेब स्वतः खड्ड्यात. खोदायला पंधरा ते वीस वर्षांची पोरे उत्तम, असे त्याने लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट खापरांची, आणि तिथे जरा थांबायला हवे.

१८९४-९५ च्या हिवाळ्यात दक्षिण इजिप्तमधल्या नकादा इथे पेट्री आणि जेम्स क्विबेल यांनी दोन हजारांवर कबरी उघडल्या. लेख एकही नाही, राजाचे नाव नाही, नाणे तर तेव्हा जगातच नव्हते. वरखाली थरही नाहीत, कारण प्रत्येक कबर वाळूत वेगळी खणलेली. मग आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे कसे ठरवायचे? हाताशी होती फक्त मडकी.

त्याने मडक्यांचे नऊ वर्ग पाडले. काळ्या तोंडाची तांबडी, नुसती घोटलेली तांबडी, तांबड्यावर पांढऱ्या रेघांची, नागमोडी कानांची, फिक्यावर तांबड्या चित्रांची, ओबडधोबड, वगैरे. वर्गाच्या आत आकारांना क्रमांक दिले, सातशेवर प्रकार झाले. मग प्रत्येक कबरीसाठी पुठ्ठ्याची एक लांब पट्टी केली, पट्टीवर वर्गाप्रमाणे रकाने, आणि त्या कबरीत मिळालेल्या प्रकारांचे क्रमांक त्या त्या रकान्यात. ज्या कबरीत किमान पाच वेगवेगळे प्रकार होते त्यांच्याच पट्ट्या घेतल्या. अशा सुमारे ९०० पट्ट्या झाल्या. दोन-तीन मडक्यांच्या कबरी सोडल्या, कारण त्या कुठेही बसवता येतात आणि ज्याला कुठेही बसवता येते त्याने काहीच सिद्ध होत नाही.

आता पट्ट्या लावायच्या. एक धागा मिळाला तो नागमोडी कानांच्या रांजणांचा. सुरुवातीचा रांजण गोलगरगरीत, दोन्ही बाजूंना बोटे धरतील असे जाड नागमोडी कान. पुढे तो सडपातळ होत जातो, कान अंगाला चिकटतात, धरण्याच्या कामाचे राहत नाहीत. मग कानांची नुसती नागमोडी रेघ उरते, ती रांजणाभोवती फिरते, आणि शेवटी सरळ नळकांड्यासारख्या भांड्यावर दोरीच्या ठशासारखी एक ओळ. आतला मालही तसाच उतरत गेलेला. आधी सुगंधी चरबी, मग चरबीवर मातीचा थर, शेवटी नुसती माती. कामाची गोष्ट हळूहळू नावापुरती होत गेली. उलटे होत नाही, म्हणजे नुसत्या रेघेपासून धरायचा कान उगवत नाही. त्यामुळे दिशा ठरली. दुसरा धागा असा की पांढऱ्या रेघांची तांबडी भांडी आणि हे नागमोडी रांजण एका कबरीत येत नाहीत. म्हणजे ती दोन टोके. बाकीच्या पट्ट्या मधे अशा सरकवायच्या की कोणताही एक प्रकार शक्य तितक्या कमी पट्ट्यांत पसरेल. एक पट्टी हलवली की दहा प्रकारांचा पसारा बदलतो, एकाचा कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो. संगणक नसताना ९०० पट्ट्या टेबलावर सरकवत हे काम त्याने तडीस नेले.

लागलेल्या ओळीचे त्याने ३० ते ८० असे टप्पे केले. ३० पासून का? तर उद्या याहून जुने काही सापडले तर जागा हवी म्हणून १ ते २९ मोकळे सोडले. पंचवीसेक वर्षांनी बदारी इथे खरोखरच जुनी संस्कृती सापडली आणि तिला २१ ते २९ हे क्रमांक मिळाले. १९२४ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी हेमामिया इथे थोडेथोडे खणून एकाखाली एक थर दाखवले. थरांचा क्रम पेट्रीच्या टेबलावरच्या क्रमाशी जुळला. १९६०-७० च्या दशकांत डेव्हिड केंडाल या गणितज्ञाने याच प्रश्नाचे गणित मांडले तेव्हा पेट्रीची गणना एकोणिसाव्या शतकातल्या थोर उपयोजित गणितज्ञांत करावी असे म्हटले.

या क्रमातही दोष आहेत. ४० ते ५० मध्ये जेवढी वर्षे गेली तेवढीच ५० ते ६० मध्ये गेली असे मानता येत नाही. हा क्रम आहे, कालगणना नव्हे. वर्ग पाडताना त्याने कुठे रंग धरला, कुठे आकार, कुठे नुसती नक्षी, त्यामुळे एकच मडके दोन वर्गांत बसू शकते. उत्तरेची आणि दक्षिणेची मडकी वेगळी असू शकतात, तो फरक काळाचा समजला गेला. १९५७ मध्ये वर्नर कैझर या अभ्यासकांनी इजिप्तमधल्याच आर्मांतच्या कबरस्तानात कोणती कबर कुठे आहे हे धरून ही मांडणी दुरुस्त केली. आणि नकादाचे लोक कोण यावर तर पेट्री साफ चुकला. बाहेरून आलेली ‘नवी जमात’ असे त्याने जाहीर केले, तेही पिरॅमिडांनंतरच्या काळातली. जाक द मॉर्गन या फ्रेंच संशोधकाने ती राजवंशांच्या आधीची आहे हे दाखवले. पेट्रीला ते मान्य करावे लागले.

काळ्या तोंडाच्या तांबड्या मडक्यांवर इथे थोडे सांगणे भाग आहे, कारण तसलेच खापर आमच्याकडे सापडते. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथल्या महापाषाणयुगीन दगडी वर्तुळांत (म्हणजे भोवती मोठे दगड रचलेल्या जुन्या दफनांत) आणि वस्त्यांत आतून काळे, बाहेरून काठाशी काळे आणि खाली तांबडे असे भांडे मिळते. हे साधते कसे, तर मडके आव्यात उपडे ठेवायचे, तोंड राखेत किंवा तणसा-तुसात दाबायचे. जिथे हवा लागते तिथे मातीतले लोह तांबडे होते, जिथे कोंडते तिथे धुराने काळे पडते. राख कमी पडली की काठ डागाळतो, जास्त चढली की काळे पोटापर्यंत येते, म्हणून दोन रंगांची सीमा कधी सरळ नसते. तुमच्या हातात असे खापर आले तर काठाची आतली बाजू बघा, काळे एकसारखे आणि गुळगुळीत असेल. चुलीवरच्या काजळीचे काळे बाहेरून, तळाला आणि धब्ब्याधब्ब्यांनी असते. यावरून विदर्भात इजिप्तचे लोक आले होते असले काही काढू नये. नकादाची मडकी हातांनी घडवलेली, आमची बहुतेक चाकावरची, आणि दोन्हींत काही हजार वर्षांचे अंतर. भाजण्याची युक्ती दोन ठिकाणी वेगवेगळी सुचू शकते.

वस्तू सांभाळण्याच्या बाबतीतही त्याच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. हवारा इथल्या ममींवरची मेणचित्रे (१८८८) रंग सुटत असताना त्याने वितळलेले मेण ओतून वाचवली. मणी सापडले की उचलायचे नाहीत, फुंकरीने धूळ काढायची, दोरा कुजलेला असला तरी ओळ मातीत शाबूत असते, त्याच ओळीने ओवायचे. खारावलेली मडकी पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचे, नाहीतर वाळताना मीठ फुलते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. मडक्यावर कबरीचा क्रमांक तिथल्या तिथे शाईने लिहायचा, चिठ्ठीच्या भरवशावर राहायचे नाही. आणि हंगामाचा अहवाल वर्षाच्या आत छापायचा. हे शेवटचे आमच्या देशात फार थोड्यांना जमले.

त्याने वाचवलेले दुसऱ्यांनी कसे घालवले याचा एक नमुना. इजिप्तमधल्या अबायडॉसच्या राजकबरी आधी अमेलिनो नावाच्या माणसाने धसमुसळेपणाने खणून टाकल्या होत्या. पेट्रीने तोच उपसा पुन्हा चाळायला घेतला. जेर राजाच्या कबरीच्या भिंतीतल्या एका भोकात कापडात गुंडाळलेला एक हात मिळाला, त्यावर सोने, लाजवर्द-पिरोजाची चार कंकणे. मजुरांनी एकही मणी हलवला नाही. ज्ञात असलेल्या ममींमध्ये तेव्हा हा अवशेष सर्वांत जुना, आणि कापड तर इतके तलम की विणकामाच्या इतिहासाला आधार व्हावा. हे सगळे कैरोच्या संग्रहालयात पोहोचले. तिथल्या एमिल ब्रुग्शने कंकणे ठेवली आणि हात व कापड फेकून दिले.

पेट्रीचे गुण सांगून दोष झाकणे बरोबर नाही. एका हंगामात तो इतके खणत असे की बारकाईला वेळ उरत नसे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे तो एकटाच ठरवी. देणगी देणाऱ्या संग्रहालयांना वाटा द्यायचा असल्याने एकाच कबरीतल्या वस्तू चार देशांत गेल्या, त्या पुन्हा एकत्र मांडण्याचे काम आजचे अभ्यासक करत आहेत. त्याहून वाईट म्हणजे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना. वंशसुधारणेचा पुरस्कर्ता फ्रान्सिस गॉल्टन याच्यासाठी त्याने इजिप्तच्या शिल्पांतले ‘वंशांचे’ चेहरे गोळा केले, कवट्या मोजायला पाठवल्या, आणि संस्कृतीतला प्रत्येक बदल बाहेरून आलेल्या वरच्या जमातीने घडवला असे तो शेवटपर्यंत मानत राहिला. स्वतःचे डोकेही त्याने विज्ञानासाठी दिले. धड जेरुसलेमला पुरले आहे, शीर लंडनच्या शल्यविशारदांच्या संस्थेत गेले.

विदर्भाशी धागा असा जुळतो. १८९० मध्ये पॅलेस्टाईनच्या तेल अल-हेसी इथे पेट्री सहा आठवडे होता. तिथल्या टेकाडाची एक बाजू ओढ्याने कापली होती, साठेक फुटांची उभी चिरफाड आयतीच. त्याने खालून वरपर्यंत प्रत्येक पातळीची खापरे वेगळी केली आणि टेकाडाचे वय सांगितले. नुसत्या खापरांवरून वस्तीचा काळ सांगता येतो हे तिथे सिद्ध झाले. पुढे मॉर्टिमर व्हीलर यांनी यावर टीका केली, की पेट्री समुद्रसपाटीपासूनची उंची धरतो आणि मातीचा थर बघत नाही. वस्ती सपाट नसते, खड्डा वरून खाली जातो, म्हणून एकाच उंचीवर दोन काळांची खापरे येतात. टीका रास्त होती. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, तक्षशिलेला त्यांनी थर वाचायची शाळा घेतली, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले बी. के. थापर १९६१-६२ मध्ये नागपूरजवळच्या जुनापाणीला दगडी वर्तुळे खणायला आले. त्याआधी १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने ती लिहून ठेवली होती. नंतर शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, पवनी, नायकुंड अशी कामे केली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, माहुरझरीला तांब्याच्या अलंकारांसह पुरलेला घोडा. आमच्या कुही तालुक्यातल्या अडमचे उत्खनन पुरातत्त्व खात्याने केले आहे. पण ज्या पांढऱ्यांवर कुणी आलेच नाही त्या शेकड्याने आहेत.

तिथे गावकऱ्यांनी काय करावे? खणू नये, हे पहिले. विनापरवाना उत्खनन गुन्हा तर आहेच, शिवाय खणलेला थर परत लावता येत नाही. हेसीप्रमाणे नाल्याने कापलेला काठ, विहिरीचे बांधकाम, शेततळ्याची ताजी बाजू, इथे थर दिसतातच. तिथला फोटो काढावा. शेजारी पट्टी किंवा निदान दहा रुपयांचे नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. उन्ह डोक्यावर असताना काढू नये, सकाळच्या तिरप्या उन्हात थर उठून दिसतात. पोटाच्या खापरापेक्षा काठ, बूड आणि कान महत्त्वाचे. काठाच्या वक्रतेवरून तोंडाचा व्यास निघतो, एकात एक वर्तुळे काढलेल्या कागदावर काठ ठेवून कोणत्या वर्तुळाशी जुळतो ते पाहायचे. वरवर पडलेले खापर उचललेच तर पिशवीत गट क्रमांक, धुऱ्यापासूनचे अंतर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी, तीही पेन्सिलने, कारण ओल लागली की पेनची शाई पसरते. दोन वावरांची खापरे एका पिशवीत घालू नयेत. घासून धुऊ नये, रंग आणि नक्षी निघून जाते. नाणे सापडले तर लिंबू-चिंच लावून चकचकीत करू नये; गंजाच्या थरातच अक्षरे टिकलेली असतात.

आता बक्षिसाकडे परत येतो, कारण आमची खरी मागणी तिथे आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालतो, म्हणजे पेट्री इजिप्तला जाण्याच्याही दोन वर्षे आधीचा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, आणि तीन गोष्टी लिहायच्या: काय व साधारण किती किमतीचे, कुठे, कोणत्या तारखेला. नाही कळवले तर हिस्सा जातो, शिवाय शिक्षेची तरतूद आहे. मालक न निघाल्यास आणि वेगळा करार नसल्यास सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. इथपर्यंत ठीक. पण सरकारने वस्तू ठेवून घ्यायची ठरवली तर भरपाई कशी? तर तिच्या द्रव्याची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे चांदीचे नाणे असले तर चांदीचा भाव आणि वर २० टक्के. त्याच नाण्याला शहरातला दलाल कितीतरी जास्त देतो. आणि कुंभाराच्या मातीच्या भांड्याचा द्रव्यभाव काय होणार? शून्य. अशा कायद्यापुढे शेतमजूर दलालाकडे गेला किंवा भीतीने वस्तू विहिरीत टाकून मोकळा झाला, तर दोष फक्त त्याच्या माथी मारू नये.

तेव्हा मागणी एवढीच आहे. भरपाई द्रव्याच्या वजनावर न ठेवता जाणकाराने ठरवलेल्या बाजारभावाने व्हावी. खापरे, मणी, कोरीव दगड अशा ‘बिनकिमतीच्या’ वस्तूंची जागेसकट नोंद देणाऱ्यालाही ठराविक रक्कम मिळावी. शेततळे, सपाटीकरण व पाणंद रस्त्याच्या मंजुरीच्या अर्जात ‘या गटात पांढरी, जुनी गढी किंवा दगडी वर्तुळ आहे काय’ असा एक रकाना असावा, आणि तो तलाठ्याने नव्हे तर जागेवर जाऊन ग्रामसभेने भरावा. गढी कुठे होती हे म्हाताऱ्या माणसांना सातबाऱ्यापेक्षा नीट माहीत असते. आपल्या पुरवणीने शापाच्या चौकटीएवढी जागा दर महिन्याला एका तालुक्याच्या पांढऱ्यांना दिली, तर फोटो आणि गट क्रमांक पाठवायला आम्ही तयार आहोत. फोटोत पट्टी असेल.

आपले,
इतिहास विषयाचे काही शिक्षक,
ता. कुही, जि. नागपूर